चंदेरी चादरीची ऊब कितपत खरी?

पावसाळी भटकंतीचे दिवस आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचे विषयही पालटतात. या वेळच्या टपालातील चार पत्रे एकाच वस्तूविषयी आहेत : मिठाईवरच्या वर्खासारखी चकाकणारी, घडी घातली की तळहातात मावणारी फॉइलची चादर, जिला दुकानात ‘इमर्जन्सी ब्लँकेट’ किंवा ‘स्पेस ब्लँकेट’ म्हणून मागतात. प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने उत्तरे एकत्रच देत आहे.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. जुलैअखेरीस नववीच्या मुलांची एक दिवसाची सहल राजगडावर नेण्याचा विचार आहे. पाठीवरचे ओझे कमी व्हावे म्हणून स्वेटर वगळून प्रत्येकाला फॉइलची एकेक चादर द्यावी, असे एका सहकाऱ्यांनी सुचवले आहे. पाकिटावर ‘शरीराची ९० टक्के उष्णता राखते’ असे छापलेले आहे. एवढे पुरेल का?

उत्तर : बाई, चादरी जरूर घ्या, पण स्वेटरच्या बदल्यात घेऊ नका. पाकिटावरचा आकडा सपशेल खोटा नाही, तो अर्धवट आहे. ही चादर म्हणजे पॉलिएस्टरची साधारण १२ मायक्रॉन जाडीची फिल्म असते आणि तिच्यावर निर्वात कक्षात ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. अशीच फिल्म वापरून अमेरिकेच्या नासाने ‘एको-१’ हा सुमारे ३० मीटर व्यासाचा फुगा बनवला आणि १२ ऑगस्ट १९६० रोजी अवकाशात सोडला. निर्वात पोकळीत उष्णता केवळ प्रारणांच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णता-किरणांच्या रूपाने ये-जा करते, त्यामुळे तेथे ही फिल्म उत्तम काम देते. अंगावर पडणारी प्रारणे ती ९० टक्क्यांच्या आसपास परत फिरवते, हे खरे आहे. मात्र राजगडावर पोकळी नसते. तेथे घोंघावणारा वारा असतो, पाऊस असतो आणि बुडाखाली गार कातळ असतो.

भिजलेल्या माणसाची ऊब मुख्यतः तीन वाटांनी जाते. वारा अंगालगतची कोमट हवा सतत पळवून नेतो. ओले कपडे सुकताना अंगातली उष्णता ओढून घेतात. आणि ज्यावर आपण बसतो, तो दगड किंवा चिखल उरलेली शोषून घेतो. पाणी हे स्थिर हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. जीन्स आणि सुती शर्टात मुरलेले अर्धा लिटर पाणी अंगावरच सुकू द्यायचे म्हटले, तर त्याला सुमारे २९० किलोकॅलरी, म्हणजे ढोबळमानाने दोन भाकऱ्यांची ऊर्जा लागते आणि ती बव्हंशी मुलाच्या अंगातूनच जाते. म्हणूनच सह्याद्रीत पारा वीस अंशांच्या आसपास असतानाही माणूस काकडून आजारी पडू शकतो, ही गोष्ट ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो’ असे म्हणणाऱ्यांच्या लवकर ध्यानात येत नाही.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये राजगडाच्या संजीवनी माचीवर कॉलेजच्या मुलांचा एक गट भेटला होता. त्यांच्यातल्या एकाला हुडहुडी भरली होती. मित्रांनी मोठ्या तत्परतेने त्याच्या निथळत्या कपड्यांवरून फॉइलची चादर लपेटली होती खरी, पण तो वाऱ्याच्या तोंडावर कातळावर बसलेला होता आणि चादर पतंगासारखी फडफडत होती. एका कोपऱ्याला बारीकशी चीर गेली होती, ती आमच्या डोळ्यांदेखत टरकन हातभर लांब झाली. मी त्याच्या हातात चिक्की दिली तर त्याला वेष्टन उघडता येईना आणि नाव विचारले तेव्हा जीभ जड झालेली जाणवली. त्याला दोघांच्या आधाराने पद्मावती माचीवरच्या देवळात आणले, जीन्स उतरवून कोरडी लुंगी आणि कोणाचा तरी स्वेटर घातला, बुडाखाली दोन रिकाम्या सॅका सरकवल्या, ताक विकणाऱ्या मावशींची घोंगडी अंगाभोवती गुंडाळली आणि या सगळ्यावरून उरलेली फॉइल घट्ट खोचली. अर्ध्या तासाने त्याने चहा मागितला. चादर तीच होती, फक्त ती आता सर्वांत बाहेरच्या थराचे, म्हणजे वारा अडवण्याचे काम करत होती. (ओली झाली तरी ऊब देणाऱ्या घोंगडीचे मोल धनगरांना कोणी पाकिटावर छापून सांगावे लागले नाही.)

तेव्हा प्रत्येक मुलाकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि लोकरीचा किंवा फ्लीसचा एक स्वेटर असू द्या. दर पाच-सहा मुलांमागे फॉइलची एक चादर, एक कॅरीमॅट (खाली अंथरायची फोमची गुंडाळी) आणि कचऱ्यासाठी मिळणारी मोठी जाड पिशवी ठेवा. ही पिशवी तळाशी तोंडापुरते भोक पाडून डोक्यावरून घातली, की इरल्यासारखा तिचाही आडोसा होतो आणि ती फॉइलइतकी चटकन फाटत नाही. जीन्स घालून कोणीही येऊ नये, हे मात्र आधीच बजावा.

एखादे मूल अडखळू लागले, बोबडे बोलू लागले किंवा त्याला स्वतःच्या शर्टाचे बटण लावता येईना, तर शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली चालले आहे असे समजून तिथेच थांबावे. प्रथम आडोसा, मग बुडाखाली मॅट, त्यानंतर कोरडे कपडे, टोपी आणि शेवटी फॉइल, असा क्रम ठेवावा. कपडे बदलण्याइतका आडोसाच नसेल, तर क्रम उलटा होतो : ओल्या कपड्यांवरूनच फॉइल किंवा प्लॅस्टिक गळ्यापर्यंत घट्ट लपेटायचे आणि त्याच्या बाहेरून घोंगडी, स्लीपिंग बॅग, जे असेल ते पांघरायचे. अशाने कपड्यांतले पाणी सुकण्याची क्रिया थांबते आणि बाहेरचे पांघरूणही ओले होत नाही. मूल शुद्धीवर असून नीट गिळत असेल, तर गोड, कोमट पेय आणि गूळ-शेंगदाणे द्यावेत. हातपाय चोळू नयेत, शेकोटीला लागून बसवू नये, आणि निदान अर्धा तास विश्रांती दिल्याशिवाय चालायला लावू नये. कुडकुडणे थांबले पण मूल सुस्तच आहे, ही सुधारणा नव्हे, धोक्याची खूण आहे; अशा वेळी त्याला आडवे ठेवून, अजिबात हिसके न देता, ११२ किंवा १०८ वर मदत मागवावी.

प्रश्न : माझी बहीण जर्मनीत असते. तिने पाठवलेल्या प्रथमोपचार संचातील चादर एका बाजूने सोनेरी आणि दुसऱ्या बाजूने चंदेरी आहे. थंडीत सोनेरी बाजू आत की बाहेर? (नाशिक)

उत्तर : थंडीत चंदेरी बाजू अंगाकडे आणि सोनेरी बाहेर, असा प्रघात आहे. जर्मनीत प्रत्येक मोटारीत जो प्रथमोपचार संच बाळगावा लागतो त्यात ही चादर असते, म्हणून आपल्या बहिणीला ती सहज मिळाली असावी. सोनेरी रंग म्हणजे सोने नव्हे. तो ॲल्युमिनियमवरचा रंगीत थर आहे. दोन बाजूंतला फरक उष्णतेच्या हिशेबात फारच थोडा आहे, तेव्हा वाऱ्यापावसात उलटसुलट करण्यात वेळ घालवण्यापेक्षा कडा खोचण्याकडे लक्ष द्यावे. सोनेरी बाजू बाहेर ठेवण्याचा खरा फायदा असा की हिरव्या-करड्या डोंगरात ती लांबूनही नजरेत भरते. मात्र एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : शोधपथक रात्री उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेला ड्रोन फिरवत असेल, तर पूर्ण गुंडाळून घेतलेला माणूस त्यात जवळजवळ दिसत नाही, कारण त्याच्या अंगाची प्रारणे फॉइल आतच अडवते. ड्रोनचा आवाज ऐकू आल्यास चेहरा आणि हात उघडे करून विजेरी हलवावी.

प्रश्न : चंद्रपुरात उन्हाळ्यात ऊन लागलेल्या एका वृद्ध गृहस्थांना शेजाऱ्यांनी ‘ही बाजू बाहेर ठेवली की ऊन परावर्तित होते’ असे सांगून अशाच चादरीत गुंडाळले होते. ते योग्य होते का?

उत्तर : नाही, आणि हे मी कोणतीही सौम्य भाषा न वापरता लिहितो. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि ते खाली आणण्यासाठी अंगावरचे पाणी सुकणे हाच मोठा उपाय असतो. चादर कोणत्याही बाजूने लपेटली तरी वारा आणि बाष्प दोन्ही अडवते, म्हणजे आतल्या माणसाचे उकडणे वाढते. रुग्णाला सावलीत न्यावे, जादा कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतत किंवा ओला पंचा फिरवत जोरात वारा घालावा आणि १०८ ला बोलवावे. तो बरळत असेल किंवा अर्धवट शुद्धीत असेल, तर तोंडात पाणी घालू नये. शेतात झाडच नसेल, तर मात्र हीच चादर चार काठ्यांना छतासारखी, चारही बाजूंनी हवा खेळती राहील अशी उंच बांधावी. १९७३ मध्ये नासाच्या ‘स्कायलॅब’ या अवकाशस्थानकाचे उष्णतारोधक आवरण उड्डाणातच निघून गेले आणि आतले तापमान भलतेच चढले, तेव्हा अंतराळवीरांनी ॲल्युमिनियम चढवलेल्या कापडाचे छत बाहेर उभारूनच ते उतरवले होते. तेथेही सावली केली होती, गुंडाळले नव्हते.

प्रश्न : आमच्या गाडीत अशी एक चादर सहा-सात वर्षांपासून पडून आहे. रस्त्यावरील अपघातात ती उपयोगी पडेल का? (पुणे)

उत्तर : अपघातात ती डोंगराइतकीच, किंबहुना अधिक उपयोगी आहे. रक्तस्राव झालेला माणूस झपाट्याने गार पडतो आणि शरीर गार पडले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, म्हणजे रक्तस्राव आणखी वाढतो. हे चक्र पुण्यातल्या उन्हाळ्याच्या रात्रीही सुरू होऊ शकते. आधी जखमेवर स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवावे, मग चादर पांघरावी. जखमेवरची पट्टी अधूनमधून पाहता येईल अशी फट ठेवावी आणि तोंड कधीही झाकू नये. मानेला किंवा पाठीला मार असल्याची शंका असेल, तर खाली काही सरकवण्यासाठी माणसाला वळवू नये, नुसते वरून पांघरावे. भाजलेल्या व्यक्तीच्या बाबतीत भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावा आणि बाकीचे अंग याच चादरीने झाकावे. आगीजवळ मात्र तिला नेऊ नये, ती वितळून कातडीला चिकटते.

आपली जुनी चादर एकदा उघडून उजेडापुढे धरा. घड्यांच्या रेषांवर ॲल्युमिनियम झिजून आरपार दिसत असेल, थर एकमेकांना चिकटले असतील किंवा कडेला लहानशीही चीर असेल, तर ती प्रात्यक्षिकासाठी ठेवून गाडीत नवी ठेवा. उघडलेली चादर मूळच्या आकारात पुन्हा घडी होत नाही, याबद्दल आधीच क्षमा मागतो. माझ्या घरी तसले तीन बोंगाणे कपाटात कोंबलेले आहेत.