ज्यू आईच्या प्रेमाचं नाटक

प्रश्न : आमचा सांगलीतला ग्रुप विनोदी नाटक बसवतोय. विधवा ज्यू आई, मुलांच्या संसारात सारखं नाक खुपसणारी, आता स्वतःसाठीच जोडीदार शोधतेय. तिला ज्यूच ठेवू की आपल्याकडची करू?

उत्तर : अहो, ज्यूसुद्धा आपल्याकडचेच की! बेने इस्रायली लोक कोकणातले, घरात मराठी बोलणारे, तेल गाळायचे आणि शनिवार त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, तेव्हा घाणा बंद म्हणून 'शनिवार तेली' म्हणायचे त्यांना, त्यामुळे आई मराठीत ओरडली तरी खोटी वाटणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावता लावता सुनेला सूचना, मलिद्याच्या (म्हणजे त्यांच्या गोड पोह्यांच्या प्रसादाच्या) ताटावरून कटकट, असलं टाका. फक्त तिच्या प्रेमावर हसवू नका प्लीज, हसू तिच्या दादागिरीवर यावं. १८४३ला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं त्या सांगलीचा प्रेक्षक आहे, त्याला फरक कळतो. आणि मुद्दाम काढलेले विचित्र उच्चार अजिबात नकोत.