वाचक विचारतात : डॉ. बार्न्स यांची चित्रं आणि न टिकलेल्या अटी

फिलाडेल्फियाचे औषध-उद्योजक आणि चित्रसंग्राहक डॉ. अल्बर्ट बार्न्स (१८७२–१९५१) यांच्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही.

एका औषधावर एवढी संपत्ती? आणि पेटंट का घेतलं नाही?

आईच्या संसर्गामुळे नवजात बाळाचे डोळे जाऊ नयेत म्हणून तेव्हा सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालत. त्यानं जंतू मरत, पण डोळ्याची आगही होई. बार्न्स आणि जर्मन रसायनतज्ज्ञ हर्मन हिले यांनी १९०२ साली चांदी आणि प्रथिनाचं सौम्य संयुग बाजारात आणलं, तेच आर्जिरॉल. रसायन हिले यांचं, धंद्याचं डोकं बार्न्स यांचं: प्रचार थेट डॉक्टरांकडे. पेटंट घेतलं की कृती उघड करावी लागते आणि मुदत सरली की कुणीही माल काढतो. म्हणून नावाचा ट्रेडमार्क केला आणि कृती कुलपात ठेवली. पुढे हिले यांचा वाटा विकत घेऊन ते एकटे मालक झाले. जुलै १९२९मध्ये, शेअर बाजार कोसळायच्या तीन महिने आधी, त्यांनी कंपनी विकली. प्रतिजैविकं आल्यावर या औषधाची सद्दी संपली. असली चांदीयुक्त औषधं दीर्घकाळ वापरली तर कातडी कायमची निळसर-करडी पडते, तेव्हा आजोबांच्या कपाटात जुनी बाटली सापडलीच तर डोळ्यांत घालू नका.

चित्रं ते स्वतः निवडत का?

आधी नाही. शाळासोबती चित्रकार विल्यम ग्लॅकन्स यांना त्यांनी १९१२मध्ये २०,००० डॉलर देऊन पॅरिसला धाडलं. ते ३३ चित्रं घेऊन आले, त्यात व्हॅन गॉगचा पोस्टमनही होता. मग मात्र बार्न्स स्वतः उतरले. त्यांच्या बार्न्स फाउंडेशन या संस्थेच्या संग्रहात आज रेन्वाची १८१, सेझानची ६९ आणि मातीसची ५९ चित्रं आहेत.

चित्रांच्या मधे बिजागऱ्या आणि कड्या कशाला लावल्यात?

ती सजावट नाही, तो धडा आहे. मुख्य दालनात सेझानचं पत्ते खेळणाऱ्या शेतकऱ्यांचं चित्र खाली आहे आणि सरा या चित्रकाराचं ‘मॉडेल्स’ वर. बाजूच्या भिंतींवर लोखंडी कुलपं, बिजागऱ्या, पळ्या. कमानीची रेघ चित्रातही दिसते आणि कडीतही, ती शोधायची. काळ किंवा देश यांप्रमाणे मांडणी नाही, शेजारी माहितीची पाटीही नाही. आधी बघा, मग वाचा, असा त्यांचा हट्ट. आम्हाला तो पटतो, पण नवख्या माणसाची पंचाईत होते, हेही खरं.

मातीसनं तेच भित्तिचित्र दोनदा काढलं, हे खरं?

हो. बार्न्स यांच्या दालनातल्या तीन कमानींवरच्या जागेसाठी ३०,००० डॉलर ठरले होते. कमानींमधल्या भागांची रुंदी चुकीची धरली गेली आणि काम बरंच पुढं गेल्यावर ते लक्षात आलं. मातीसनं नव्यानं आखलं. १९३३मध्ये चित्र बसलं. चुकीच्या मापाचं आज पॅरिसमध्ये आहे.

हलवायची नाहीत असं दस्तात असूनही चित्रं हलली कशी?

१९२२च्या संस्थापत्रात आणि नंतरच्या दुरुस्त्यांत अटी कडक होत्या: विकायची नाहीत, उसनी द्यायची नाहीत, जागची हलवायची नाहीत. गोम पैशाच्या कलमात होती. निधी मुख्यतः सरकारी रोख्यांसारख्या ठिकाणीच गुंतवायचा होता. व्याज तुटपुंजं, महागाई चढती. संग्रह फिलाडेल्फियाबाहेरच्या मेरियन गावात होता, तिथल्या वस्तीमुळे प्रेक्षकांच्या संख्येवर मर्यादा, त्यामुळे तिकिटाचं उत्पन्नही थोडं. त्यात कोर्टकचेऱ्या. तिजोरी आटली, तेव्हा विश्वस्त न्यायालयात गेले आणि २००४मध्ये स्थलांतराची परवानगी मिळाली. २०१२मध्ये शहरातल्या नव्या इमारतीत दालनं जुन्याच मापानं, जुन्याच मांडणीत उघडली. आमच्या मते इमारतीचा आग्रह सोडून मांडणीचा धरला असता, तर बार्न्स यांना हवं ते बरंचसं बिनबोभाट साधलं असतं.

आमच्या घरातला संग्रह ट्रस्टकडे द्यायचा आहे. काय लिहावं?

आधी यादी करा: प्रत्येक चित्राचा फोटो, माप, माध्यम, अवस्था आणि खरेदीचा पुरावा. मग वर्षाचा खर्च मांडा: वातानुकूलन, विमा, पहारा, जतनतज्ज्ञ. तेवढं व्याज देणारा निधी नसेल तर दालन काढूच नका. जिथं यंत्रणा आहे अशा संग्रहालयाशी करार करा. जहांगीर निकल्सन यांचा संग्रह असाच मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेला. दालन त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २०११ साली उघडलं. दस्तात हेतूची कलमं आणि व्यवहाराची कलमं वेगळी ठेवा. व्यवहाराची कुणी, किती मतांनी बदलायची तेही लिहा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ३६ धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी मागतं ते स्थावर मालमत्तेच्या विक्रीला. चित्रं जंगम आहेत, म्हणून विक्रीवरचा लगाम दस्तातच हवा.