कॅनडातील निवासी शाळांमध्ये मूलनिवासी मुलांवर झालेल्या अत्याचारांची जबाबदारी चर्चने खरोखर स्वीकारली आहे का?

अंशतः स्वीकारली आहे. मात्र माफीचे शब्द जितके मिळाले, तितका पैसा मिळाला नाही, असे माझे मत आहे. सुमारे १,५०,००० मुलांना घरापासून तोडून ज्या शाळांत ठेवले गेले, त्या सरकारी पैशावर चालत असल्या तरी त्यांचा दैनंदिन कारभार चर्चच्या संस्थांकडे होता आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक कॅथलिक संस्थांच्या हाती होत्या.

अँग्लिकन चर्चने १९९३ मध्ये, प्रेस्बिटेरियन चर्चने १९९४ मध्ये आणि युनायटेड चर्चने १९९८ मध्ये माफी मागितली. पोप फ्रान्सिस यांनी कॅनडाच्या भूमीवर येऊन माफी मागायला जुलै २०२२ उजाडले, आणि तीही अनेक ख्रिस्ती व्यक्तींच्या दुष्कृत्यांबद्दल होती, संस्था म्हणून चर्चच्या दोषाबद्दल नव्हे, अशी टीका लगेच झाली.

खरी मेख पैशात आहे. पीडित, सरकार आणि चर्च यांच्यात झालेल्या २००६ च्या भरपाई समझोत्यानुसार कॅथलिक संस्थांनी २.५ कोटी डॉलर देणग्यांतून उभारण्यासाठी शक्य ते सर्व प्रयत्न करण्याचे मान्य केले होते; प्रत्यक्षात ४० लाखही जमले नाहीत, आणि २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांना उरलेल्या बंधनातून मोकळे केले. ‘कॅथलिक चर्च’ नावाची एकच कायदेशीर संस्था कॅनडात नाही, प्रत्येक धर्मप्रांत स्वतंत्र आहे, हा बचाव कायद्याच्या चौकटीत बसतो. पीडितांना तो पटावा, अशी अपेक्षा मात्र कोणी करू नये. पुढे २०२१ मध्ये बिशपांनी पाच वर्षांत ३ कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले.