कमरेला संगणक, कानात आवाज: वाचकांचे प्रश्न

माझे मामा अंध आहेत, विट्याला असतात. त्यांच्यासाठी कमरपट्ट्यावर बसणारा बोलका संगणक बनवतोय. मित्र म्हणतात, मोबाईल असताना हा खटाटोप कशाला? (डिप्लोमा विद्यार्थी, सांगली)

मित्रांचं निम्मं खरं आहे. अँड्रॉइडचा टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, फुकट आहे. मामांना आधी तो शिकवा. पण गुळगुळीत काचेवर बोटाला काही लागत नाही. तुमच्या यंत्राचा खरा फायदा बटणांचा. ब्रेलचे सहा ठिपके म्हणून सहा बटणं, वर एक स्पेस. मामांना ब्रेल येत असेल तर एसटीत बसल्या बसल्या टिपण लिहितील. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा एका पाटीवरचा छोटा संगणक (६५ × ३० मिमी, ५१२ एमबी रॅम) या कामाला पुरतो. त्याला इयरफोनची खाच नाही, तेव्हा आवाजासाठी छोटा डॅक बोर्ड (डिजिटल संकेताचा आवाज करणारी पाटी) घ्या.

मजकूर बोलून दाखवणाऱ्या ईस्पीक या सॉफ्टवेअरचा मराठी आवाज फारच यांत्रिक आहे. गोड आवाज कुठून आणू? (शिक्षिका, मिरज)

तो कोणाला गोड हवाय, तुम्हाला की ऐकणाऱ्याला? ईस्पीक मुळात मिनिटाला १७५ शब्द बोलतो, ४५०पर्यंत नेता येतो. सरावलेले अंध वापरकर्ते असा भरधाव आवाज सहज ऐकतात. माणसासारखे आवाज एवढ्या वेगात अनेकदा गिचमिड होतात. ईस्पीकचा कोरडा आवाज बऱ्यापैकी सुटा राहतो. शिवाय त्याला इंटरनेट लागत नाही आणि बटण दाबताच तो बोलू लागतो.

गोडव्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे गप्प करायचं बटण. दाबलं की आवाज शब्दाच्या मध्येच तुटला पाहिजे. प्रकल्प-प्रदर्शनात यंत्र अख्खं वाक्य संपवतं तेव्हा कौतुक होतं. सांगलीच्या मारुती रोडवर तेच यंत्र मागून आलेल्या रिक्षाचा आवाज गिळतं. बोलायचं तेही कमी. मूळ पुण्याचे, स्वतः अंध असलेले संगणकतज्ज्ञ टी. व्ही. रामन यांचा ईमॅकस्पीक हा बोलका कार्यक्रम १९९५पासून हेच करतो: मजकुराचा प्रकार बदलला की आवाजाची ढब बदलते, आणि पुष्कळ ठिकाणी शब्दाऐवजी छोटासा नाद येतो. ‘फाईल सेव्ह झाली आहे’ कशाला? एक टिक पुरे.

ब्लूटूथ इयरबड चालतील?

नकोत. कान बुजतात, आवाजही किंचित उशिरा येतो. गालाच्या हाडातून ऐकवणारा, शक्यतो वायरचा हेडफोन बघा.

१०,००० एमएएचची पॉवर बँक आहे, तरी यंत्र मध्येच बंद पडतं. (कराड)

तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. ५ व्होल्टला घट वजा जाता सहा-साडेसहा हजार हाती येतात. पण तुमचं दुखणं वेगळं दिसतं. विजेची ओढ कमी झाली की काही बँका ‘फोन भरला’ समजून स्वतःच बंद होतात. नाहीतर केबल बारीक असेल. दोन्ही बदलून बघा. अशी अचानक वीज तुटली की मेमरी कार्ड खराब होऊ शकतं, म्हणून रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या कार्यक्रमातली ओव्हरले सोय (बदल कार्डावर न लिहिता तात्पुरत्या मेमरीत ठेवणारी) चालू करा. टिपणं मात्र कार्डाच्या वेगळ्या भागात ठेवा, नाहीतर बंद करताच पुसली जातील. आणि एक बझर लावाच. स्क्रीन नाही, आवाजही नाही, तर यंत्र सुरू होतंय की मेलंय हे वापरणाऱ्याला कळणार कसं?

अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला तर पांढरी काठी सुटेल? (सातारा)

अजिबात नाही. एचसी-एसआर०४ हा नेहमीचा अल्ट्रासॉनिक सेन्सर कागदावर २ सेंमी ते ४ मीटर बघतो, पण समोरचं. पायाखालचा खड्डा, उघडं गटार त्याला दिसत नाही. आयआयटी दिल्लीच्या स्मार्टकेनमध्येही सेन्सर काठीवरच बसवलाय, गुडघ्यावरच्या अडथळ्यांसाठी. इशारा बोलून देऊ नका, मनगटावर कंपन द्या. सेन्सरच्या एको पिनवर ५ व्होल्ट येतात आणि रास्पबेरी पायची पिन ३.३ व्होल्टची, म्हणून दोन्हींच्या मध्ये १ किलोओहमचा रोध घाला आणि रास्पबेरी पायच्या पिनेपासून ग्राउंडला २ किलोओहमचा. चाचणी मोकळ्या मैदानावर नको. संध्याकाळी मोती चौकात घ्या, डोळस सोबती ठेवून.