प्रबंधासाठी कोणता संदर्भ विश्वासार्ह धरायचा? छापील पुस्तकंच चालतात का?

तुम्ही लिहिलंय की एम.ए.चा लघुप्रबंध गावाच्या इतिहासावर आहे आणि गाईड म्हणतात इंटरनेटवरचं काही घ्यायचं नाही, छापील असेल तेच खरं. हे वाक्य मी अगदी असंच्या असं ऐकलेलं आहे, म्हणून उत्तर लिहायला बसले.

2011 साली माझाही लघुप्रबंध तालुक्यातल्या पाणवठ्यांवर होता. त्यातली एक बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. जिल्ह्याच्या इतिहासावरच्या एका जाडजूड पुस्तकात लिहिलं होतं, 'ही बारव अहिल्यादेवी होळकरांनी 1729 मध्ये बांधली.' पुढे तीन पुस्तिका आणि एका स्मरणिकेने तेच वाक्य जसंच्या तसं उचललेलं. माझ्या वहीत चार संदर्भ झाले, मी खूश. रात्री सहज अहिल्याबाईंचं जन्मसाल पाहिलं, 1725. म्हणजे बारव बांधली तेव्हा त्या चार वर्षांच्या!

दुसऱ्या रविवारी मामाला घेऊन बारवेत उतरले. खालच्या टप्प्यावरच्या देवळीच्या (भिंतीतल्या कोनाड्याच्या) माथ्यावर लेख होता, शेवाळाने भरलेला. दुपारी काहीच वाचता येईना. मामा म्हणाला थांब, ऊन उतरू दे. साडेपाचला त्याने टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरला आणि अक्षरं सावली टाकायला लागली. 'शके 17', मग एक झिजलेला आकडा, मग स्वच्छ 9. पुढे 'प्रभव नाम संवत्सरे' आणि एका स्थानिक पाटलाचं नाव, 'बांधिली' असं क्रियापद. अहिल्याबाईंचं नाव कुठेही नाही.

गाईड सरांना फोटो दाखवला. ते म्हणाले, झिजलेला आकडा शून्य असेल. शके 1709 म्हणजे इ.स. 1787, अहिल्याबाईंच्या काळात बरोबर बसतं, पुस्तकात छपाईची चूक झाली असेल. यालाच मी पुरावा वाकवणं म्हणते. नाव आधी ठरलं आणि आकडा त्याच्या मापाचा करून घेतला.

पण त्या दगडाने स्वतःची पडताळणी स्वतःच देऊन ठेवली होती. संवत्सर म्हणजे वर्षाचं नाव, अशी साठ नावं ओळीने फिरत राहतात. आपल्याकडे, नर्मदेच्या दक्षिणेला, शकात 12 मिळवून 60 ने भागायचं आणि उरलेली बाकी साठ संवत्सरांच्या यादीत मोजायची. शके 1729 ला बाकी 1 येते, म्हणजे प्रभव. 1709 ला 41, म्हणजे प्लवंग. 1719 ला पिंगल, 1739 ला ईश्वर. प्रभव फक्त 1729 लाच बसतो. कोणी म्हणेल, 'पराभव' असेल, तू 'प्रभव' वाचलंस. पराभव येतो 1708 ला आणि शेवटचा 9 तर बोटाने चाचपता येत होता. शके 1729 म्हणजे इ.स. 1807. अहिल्याबाई 1795 मध्ये गेल्या. पुस्तकाच्या लेखकाने शकाला इसवी सन समजून छापलं आणि आपल्याकडे प्रत्येक बारवेला जे नाव चिकटवतात ते चिकटवलं. अहिल्याबाईंनी देशभर खरोखर इतकं बांधलंय की दुसऱ्याची बारव त्यांच्या नावावर घालायची काही गरज नाही.

सर म्हणाले, शिलालेख छापून आलाय का कुठे? नाही ना, मग संदर्भ कसा देणार? फोटो परिशिष्टातून काढायला लावला.

आता तुमचा प्रश्न. छापील असणं हा काही गुण नाही. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात फुकट मिळतो, नियतकालिकाचा आयएसएसएन हाही नुसता ओळखीचा क्रमांक आहे. यूजीसीनेच (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2018 च्या मे महिन्यात आपल्या मान्य यादीतून 4,305 नियतकालिकं काढून टाकली, म्हणजे त्या दिवसापर्यंत ती सगळी 'मान्य' होती. बघायचं ते एवढंच की लिहिणाऱ्याला हे कळलं कुठून, आणि त्याने ते सांगितलंय का. तळटीप नसलेलं पाचशे पानी पुस्तक माझ्या लेखी ऐकीव माहिती. विकिपीडियाचा संदर्भ देऊ नका, पण खालच्या टीपा जरूर उघडा. त्या कुठेच पोचत नसतील तर पान बंद करा.

आणि संदर्भ मोजू नका, ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का ते बघा. माझे चार संदर्भ मुळात एकच होते. याच्या उलट शिवजन्माची तिथी बघा. उत्तरकालीन बखरी शके 1549 सांगत होत्या. टिळकांनी 1916 मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली, तिच्यात शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया आहे. परमानंदाच्या शिवभारतातही तीच तिथी. एक मावळातल्या देशमुखांच्या घरातली टिपणं, दुसरं संस्कृत काव्य. एकाने दुसऱ्याची नक्कल केलेली नाही, म्हणून त्या जुळण्याला वजन आहे.

दगड नेहमी खरं बोलतो असंही नाही, हे सांगायला हवं. कित्येक लेख जीर्णोद्धाराचे असतात आणि वास्तू त्याहून खूप जुनी असते, म्हणून क्रियापद नीट वाचा. तुमचा विषय विज्ञानाचा किंवा अर्थशास्त्राचा असता तर हे सगळं मी वेगळं सांगितलं असतं. गाईडशी भांडाही नका, सही त्यांचीच लागते. मी तेव्हा 'काहींच्या मते' असं लिहून मोकळी झाले आणि ते मला आजही सलतं. तुम्ही फोटो, मोजमाप, तारीख आणि लेखाचं अक्षरशः वाचन परिशिष्टात घालाच. ते काढा म्हणाले तर लेखी मागा.

मागच्या दिवाळीत परत गेले होते. बारवेची साफसफाई छान झालीय, पण देवळीला पिवळा ऑइलपेंट मारलाय आणि अक्षरं बुजली आहेत. वर नवा फलक आहे, 'स्थापना 1729'. 2011 चा फोटो माझ्याकडे आहे. प्रभव हा शब्द त्यात स्पष्ट वाचता येतो.