पदवीच्या आधी वॉर्डातला एक प्रश्न

प्रश्न : माझ्या मुलीने चेन्नईत फिजिशियन असिस्टंटची (डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णसेवा करणाऱ्या साहाय्यकाची) चार वर्षांची पदवी घेतली आणि गेली तीन वर्षे ती तेथेच एका रुग्णालयाच्या हृदयशस्त्रक्रिया विभागात काम करते आहे. आता तिला रुग्णसुरक्षा आणि आरोग्यसेवेची गुणवत्ता या विषयात अमेरिकेतील विद्यापीठाची ऑनलाइन मास्टर्स पदवी घ्यायची आहे. त्यासाठी आम्हाला घर तारण ठेवून कर्ज काढावे लागेल. या पदवीवर तिला अमेरिकेत काम मिळेल का? आणि रुग्णांजवळचे काम सुटून ती फायलींमध्ये अडकणार तर नाही ना, अशीही काळजी वाटते. – एक आई, सोलापूर

उत्तर : स. न. वि. वि.

आपल्या पत्रात अमेरिकेतील नोकरीचा प्रश्न आणि या विषयाच्या शिक्षणाचा प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. ते वेगळे केले की कर्जाचा निर्णय पुष्कळ सोपा होईल, म्हणून अमेरिकेचे आधी पाहू. तेथे फिजिशियन असिस्टंट (पीए) म्हणून परवाना मिळवण्यासाठी ‘पॅन्स’ ही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि या परीक्षेला ‘एआरसी-पीए’ या तेथील संस्थेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाच्या पदवीधरांनाच बसता येते. भारतातील पदवीला ती मान्यता नाही. गुणवत्ता विषयातली मास्टर्स पदवी कितीही नामांकित विद्यापीठाची असली तरी तिने ही उणीव भरून निघत नाही, कारण तो रुग्ण तपासण्याचा परवाना देणारा अभ्यासक्रमच नव्हे. ज्यांना तेथे जाऊन हाच व्यवसाय करायचा असतो, त्यांना तेथील साधारण सव्वादोन वर्षांचा पूर्णवेळ पीए अभ्यासक्रम पहिल्यापासून करावा लागतो. शिवाय घरी बसून करायच्या अभ्यासक्रमावर विद्यार्थी व्हिसाही मिळत नाही. तेव्हा परदेशी नोकरीच्या आशेने हे कर्ज काढणार असाल तर काढू नका, असेच मी सांगेन.

मुलीला हा विषय खरोखरच विषय म्हणून हवा असेल, तर मात्र तिची निवड फार चांगली आहे. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने आपल्या अहवालात असा अंदाज मांडला की तेथील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार रुग्ण दगावत असावेत. तेव्हापासून या विषयाला तेथे वेग आला. त्यात नेमके काय शिकवतात, हे समजण्यासाठी मिशिगन राज्यातील एक उदाहरण पुरेसे आहे. तेथील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून (कॅथेटर), होणारा रक्तसंसर्ग कमी करण्याचे काम हाती घेतले. हात धुणे, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा स्वच्छ करणे, पूर्ण निर्जंतुक आवरण वापरणे, शक्यतो मांडीतील शीर टाळणे आणि गरज संपताच लाइन काढून टाकणे, एवढ्या पाच गोष्टींवर त्यांनी भर दिला. यातील एकही गोष्ट नवी नव्हती. नवे हे होते की एखादी पायरी सुटली तर परिचारिकेने डॉक्टरांना तेथेच थांबवायचे आणि तसे थांबवणाऱ्या परिचारिकेमागे व्यवस्थापनाने उभे राहायचे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस लाइन असणे म्हणजे एक कॅथेटर-दिवस) २.७ असलेला संसर्गाचा मध्यक, म्हणजे सर्व विभागांच्या आकड्यांतील मधला आकडा, तीन महिन्यांत शून्यावर आला आणि दीड वर्षापर्यंत शून्यावरच राहिला. औषध नवे नाही, यंत्र नवे नाही; कामाची पद्धत बदलली आणि माणसे वाचली. ती पद्धत कशी बदलायची, बदल खरोखर झाला की नुसता कागदावर दिसतो हे कसे मोजायचे आणि झालेला बदल कसा टिकवायचा, हाच या शिक्षणाचा गाभा आहे.

हे काम फिजिशियन असिस्टंटने करण्याला विशेष अर्थ आहे. भारतात या अभ्यासक्रमाची सुरुवात १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने, हृदयशस्त्रक्रियेच्याच गरजेतून झाली. अशा विभागात निवासी डॉक्टर ठरावीक काळाने बदलतात आणि सर्जन बराच वेळ शस्त्रक्रियागृहात असतात. रुग्ण दाखल झाल्यापासून डिस्चार्ज समरी लिहून होईपर्यंत सर्व टप्पे सलग पाहणारी व्यक्ती पुष्कळदा पीएच असते. शस्त्रक्रियागृहातून रुग्ण आयसीयूत आणताना हँडओव्हरमध्ये, म्हणजे रुग्णाची माहिती पुढच्या चमूकडे सोपवताना, काय सांगायचे राहून गेले आणि घरी जाताना कोणत्या गोळीचा डोस रुग्णाला समजलाच नाही, हे तिला दिसते. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या व्यवसायाची दखल घेतली आहे, त्यामुळे वॉर्डातील नेहमीच्या कामापलीकडची जबाबदारी मागण्यासही आता बळ येईल.

फायलींविषयीची आपली भीती अनाठायी नाही. रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या ‘एनएबीएच’ या संस्थेची तपासणी जवळ आली की अनेक रुग्णालयांत क्वालिटी विभागाचे सारे लक्ष रजिस्टरे पूर्ण करण्याकडे लागते आणि तपासणी संपताच विषयही संपतो. मानके आवश्यक आहेत, त्यांनी देशातील रुग्णालयांना शिस्त लावली, हे मी मनापासून मानतो. पण कागद पूर्ण होणे आणि रुग्ण सुरक्षित होणे यांत अंतर आहे. पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र द्रावणाचे उदाहरण पाहा; ते चुकून थेट शिरेत गेले तर जीवघेणे ठरते. सारख्या दिसणाऱ्या दोन औषधांच्या कुप्या एकाच ट्रेमध्ये ठेवलेल्या असल्या आणि रात्रपाळीत चुकीची कुपी उचलली गेली, तर परिचारिकेला मेमो देऊन प्रकरण बंद करणे सोपे असते. कुप्या मात्र त्याच ट्रेमध्ये राहतात आणि पुढच्या रात्री दुसरी परिचारिका त्याच ट्रेसमोर उभी असते. असे द्रावण वॉर्डातूनच हलवावे, हा सल्ला अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने १९९८ मध्येच दिला होता. रूट कॉज ॲनालिसिस, म्हणजे चुकीच्या मुळाशी असलेले कारण शोधण्याची पद्धत, नीट शिकलेली व्यक्ती कुप्यांची जागा बदलते आणि घडलेली चूक कळवणाऱ्या परिचारिकेला संरक्षण मिळवून देते. मेमोच्या भीतीने जेथे चुका लपवल्या जातात, तेथे कोणतीही पदवी उपयोगी पडत नाही.

म्हणून माझी मुख्य सूचना अशी आहे, की अर्ज करण्यापूर्वी मुलीने आपल्याच विभागातील एक प्रश्न हाती घ्यावा. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे उदाहरण तिला जवळचे असेल. हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णाला रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या आयएनआर तपासणीनुसार त्या गोळीचा डोस बदलावा लागतो. डोस कमी पडला तर झडपेवर गुठळी होते, जास्त झाला तर रक्तस्राव होतो. घरी गेलेल्या अशा रुग्णांपैकी किती जणांनी सांगितलेल्या तारखेला ही तपासणी केली, एवढेच तिने आधी मोजावे. मग एकच बदल करून पाहावा : डिस्चार्जच्या वेळी रुग्णाच्या भाषेतील कार्ड, ज्यावर गोळीचा डोस, तपासणीची तारीख आणि गावाजवळची प्रयोगशाळा लिहिलेली असेल, किंवा चौथ्या दिवशी एक फोन. दर आठवड्याचा आकडा रन चार्टवर, म्हणजे काळानुसार होणारा बदल दाखवणाऱ्या रेषेच्या आलेखावर, मांडत राहावे. रुग्णालयाची आणि नीतिसमितीची आवश्यक ती परवानगी घेऊन, विभागप्रमुखांना सोबत घेऊन हे करावे. सहा महिन्यांत रेषा हलली नाही तरी चालेल. का हलली नाही, हे ती सांगू शकली तर प्रवेशाच्या निबंधात तिला दुसरे काही शोधावे लागणार नाही. आणि हे काम कंटाळवाणे वाटले, तर लाखो रुपये जाण्याआधीच ते कळेल.

अभ्यासक्रमांची नावे आता सांगतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची रुग्णसुरक्षा आणि गुणवत्तेतील मास्टर्स पदवी ऑनलाइन मिळते. हार्वर्ड मेडिकल स्कूल, नॉर्थवेस्टर्न आणि थॉमस जेफरसन विद्यापीठ येथेही याच विषयात मास्टर्स आहे. निवडताना मी नावापेक्षा एकच गोष्ट पाहीन : अभ्यासक्रमाचा अंतिम प्रकल्प तिच्या स्वतःच्या रुग्णालयात करता येतो का आणि त्यासाठी मार्गदर्शक मिळतो का. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणचे रुग्णालय प्रशासनाचे शिक्षणही उत्तम आहे, पण त्याचा भर संपूर्ण प्रशासनावर असतो. मुलीला वॉर्डाजवळ राहायचे असेल तर तो तिचा रस्ता नव्हे. पुढे सरकारी नोकरी किंवा अध्यापन मनात असेल, तर परदेशी ऑनलाइन पदवीला येथे समकक्षता मिळेल का, हे विद्यापीठ अनुदान आयोगाकडून (यूजीसी) आधी लेखी तपासून घ्यावे.

राहिला कर्जाचा प्रश्न. घर तारण ठेवू नये, निदान या वर्षी तरी. या क्षेत्रात ‘सीपीएचक्यू’ नावाची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा आहे. ती भारतात राहून, नोकरी सांभाळून, मास्टर्सच्या तुलनेत अगदी थोड्या खर्चात देता येते. प्रकल्प आणि ही परीक्षा झाल्यावर मुलीने रुग्णालयाच्या व्यवस्थापनाशी बोलावे आणि आठवड्यातील काही तास गुणवत्तेच्या कामासाठी अधिकृतपणे मिळतील का, मास्टर्सच्या शुल्कात रुग्णालय वाटा उचलेल का आणि पदवीनंतर पद व वेतन काय असेल, हे तीन मुद्दे लेखी मागावेत. उत्तर नकारार्थी आले तर तोच प्रकल्प घेऊन दुसऱ्या रुग्णालयात मुलाखत द्यावी. उत्तर होकारार्थी आले तर उरलेल्या रकमेसाठी तिच्या पगारातून फेडता येईल एवढेच शैक्षणिक कर्ज तिच्या नावावर घ्यावे. आपण सहकर्जदार म्हणून सही करण्याआधी हप्त्याचे गणित तिच्यासोबत बसून एकदा करावे.