उधाणात संडास तुंबतो, मशीनवाला एसटीपी बसवावा का?

प्रश्न : सर नमस्कार, आमचा कोळीवाडा नवी मुंबईत अगदी खाडीला लागून आहे, सत्तरेक घरं. सगळ्यांकडे सेप्टिक टँक आहे पण उधाण आलं की संडासातलं पाणी खालीच जात नाही. एका कॉन्ट्रॅक्टरने शोषखड्डे मारून दिले होते, ते वर्षभरात तुंबले. न्हाणीचं आणि मासळी धुतलेलं पाणी सरळ खाडीत जातं. आता कोणीतरी म्हणतंय छोटा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट, बसवा. बसवावा का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, मशीनवर पैसे घालायच्या आधी जरा थांबा. शोषखड्ड्याच्या तळाखाली दोनेक मीटर तरी कोरडी जमीन लागते, तर पाणी मुरतं. तुमच्याकडे हातभर खणलं की पाणी लागतं, भरतीला ते अजून वर येतं, मग मुरणार कुठे? कितीही खड्डे मारा, हेच होणार. जुन्या टाक्यांचा तळही बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी तळाला कोबाच नसतो आणि खाडीचं पाणी खालून आत येतं.

मशीनवाल्या एसटीपीत हवा सोडणारा ब्लोअर सतत चालावा लागतो. महापालिकेच्या मोठ्या प्लँटला ऑपरेटर, लॅब, वीज सगळं असतं म्हणून ते चालतात. सत्तर घरांत दोन दिवस ब्लोअर बंद पडला की आतले बॅक्टेरिया गुदमरतात, वास सुटतो, मग कोणी तिकडे फिरकत नाही.

म्हणून आधी वॉर्ड ऑफिसला लेखी विचारा, मलवाहिनी किती लांब आहे? गावठाण सखल असतं त्यामुळे पंप लागेल, पण लाइन जवळ असेल तर तोच सगळ्यात चांगला मार्ग.

लाइन नसेलच तर टाक्या पक्क्या करून घ्या आणि त्यातून बाहेर पडणारं पाणीच फक्त चार इंची पाइपने एका जागी न्या. गाळ टाकीतच राहतो म्हणून पाइप बारीक चालतो, उतार कमी चालतो, तुमच्या अरुंद गल्ल्यांतून हे जमतं. पुढे ते पाणी साफ व्हायला आडभिंती घातलेले बंद कप्पे, आणि मग खडीचा वाफा, त्यात कर्दळ नाहीतर पाणकणीस. याला वीज लागत नाही. हिशोब सांगतो, साडेतीनशे माणसं, माणशी ५५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर रोजचं १५ हजार लिटर. वाफ्याला साधारण ४५० चौरस मीटर लागतील, म्हणजे साडेचार गुंठे. कोळीवाड्यात एवढी जागा काढणं सोपं नाही हे मला माहितीय, पण खारफुटीत हात घालू नका, हायकोर्टाचा २०१८ चा निकाल आहे, खारफुटीभोवतीचे ५० मीटरही राखीव आहेत आणि सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाची, परवानगीही लागेलच.

मासळीचं पाणी यात थेट सोडू नका. खवलं, चरबी अडकायला जाळी आणि वेगळी छोटी टाकी हवीच, नाहीतर खडी महिन्याभरात चिकटून बसेल. शेवटच्या पाइपला झडप लावा, भरती उलटी आत शिरणार नाही.

अजून एक, आणि हे मनापासून सांगतोय. कालवं, शिवल्या पाणी गाळून जगतात त्यामुळे सांडपाण्यातले जंतू त्यांच्या अंगात साठतात आणि तेच आपल्या ताटात येतं. वाफ्यातून निघालेल्या पाण्यातही थोडे जंतू उरतात म्हणून ते पाणी कालवांच्या खडकांपाशी सोडायचं नाही. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे पण फ्लेमिंगोच्या आधी ती तुमच्या पोराबाळांची आहे.

टाकी दर दोन-तीन वर्षांनी गाडी बोलावून उपसा, तीही भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत, कारण जमिनीत पाणी वर असताना रिकामी फायबरची टाकी उचलली जाते. आणि काही झालं तरी माणूस आत उतरवायचा नाही, अगदी मिनिटभरासाठी सुद्धा नाही. आतल्या वायूने माणूस जागच्या जागी कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने तो गुन्हाच आहे. गाडी येईपर्यंत दोन दिवस वास सहन करा, पण कोणाला उतरवू नका.